सातशे पंच्याऐंशीचा हिशेब

मी संशयी माणूस आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. पेट्रोल पंपावर काटा शून्यावर आला का, हे मी गाडीवरून उतरून, वाकून बघतो. भावाने शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या देखत टेप लावून खोल्या मोजल्या. हॉल सहा इंच कमी भरला. त्या सहा इंचांनी माझं वाटोळं केलं, कारण तेव्हापासून आपला संशय चुकतच नाही असं मला वाटायला लागलं.

पोशीरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका आदिवासी वाडीत आमची शाळा आहे. तिथे मी आठवीला गणित शिकवतो, कर्जतहून मोटरसायकलने जाऊन-येऊन. वाडीला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, गोल, बांधीव, शाळेच्या मागेच. होळी झाली की पाणी तळाकडे जातं. वाडीचे हंडे त्यावरच भरतात आणि पोरांची खिचडीही त्याच पाण्यात शिजते. त्या विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायला ग्रामपंचायतीचा एक माणूस येतो. त्याला जलसुरक्षक म्हणतात. नाव भारदस्त, पण एक बादली, मापाच्या गाठी मारलेला दोर, छोटा तराजू आणि कळकट वही एवढाच त्याचा पसारा.

हा माणूस मला पहिल्यापासून खटकायचा. बोलायचा कमी. पावडरीचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवायचा. ओल लागून पावडर मरू नये म्हणून तसं करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ठरवून टाकलं होतं. पावडर विहिरीत कमी आणि मोहोपाड्याच्या कॉलन्यांत टाक्या धुवायला जास्त जात असणार, अशी माझी खात्री. पुरावा काहीही नव्हता.

एका सकाळी प्रार्थना आटोपून मी मागे गेलो. त्याने दोर विहिरीच्या तोंडावर आडवा ताणला होता. तीन मीटर. मग टोकाला दगड बांधून दोर खाली सोडला आणि वर ओढून भिजलेला भाग मोजला. दोन मीटर पाणी. वहीत लिहिलं, तीन गुणिले तीन गुणिले दोन गुणिले सातशे पंच्याऐंशी.

"हे सातशे पंच्याऐंशी कुठून आणलं?" मी विचारलं.

"ट्रेनिंगला सांगितलं हाय, गुरुजी. रुंदी दोनदा घ्यायची, पानी एकदा, नि सातशे पंच्याऐंशीनं गुनायचं. लिटर निघतात."

"गोल विहीर, आणि बावीस छेद सात कुठेच नाही?"

"ते आमाला नाय शिकवलं."

खोटं का बोलू, मला आनंद झाला. चोर रंगेहाथ सापडल्याचा आनंद. मी आठवीचा वर्गच बाहेर बोलावला. धडाही तोच चालू होता, वृत्तचितीचं घनफळ. विहिरीच्या काठावर कोळशाने मोठ्ठं लिहिलं: बावीस छेद सात, गुणिले त्रिज्येचा वर्ग, गुणिले उंची. तीनचा वर्ग नऊ, दोनाने गुणून अठरा. माझं उत्तर साडेछप्पन्न हजार लिटर. त्याचं चौदा हजार एकशे तीस. हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशेबाने त्याची पावडर सत्तर ग्रॅम, माझी दोनशे ऐंशी.

"बघा रे," मी मुलांना म्हणालो, "एक भाग विहिरीत. मग तीन भाग कुठे जात असतील?"

पोरं खो-खो हसली. त्याचा चेहरा उतरला. तो एकदा विहिरीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमी म्हनता तर टाकतो." मी शेजारी उभं राहून दोनशे ऐंशी ग्रॅम तोलून घेतले आणि बादलीत कालवून ओतायला लावले.

दुसऱ्या दिवशी पाण्याला असा वास की हंडा तोंडाजवळ नेववेना. खिचडी शिजवणारी बाई पदराने नाक धरून आली. "गुरुजी, इहिरीत काय टाकलंय? पोरं घास घेईनात."

"इतके दिवस कमी पडत होतं, आता पुरेसं पडलंय," मी म्हणालो. "होईल सवय."

सवय व्हायची वाट कोण बघतो? कोणीतरी विहीर बाटवली असं वाडीने धरलं आणि तिसऱ्या दिवसापासून बायका हंडे घेऊन ओढ्याकडे जायला लागल्या. तिथे वाळूत खड्डा खणून त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने भरायचं. गुरंही तिथेच बसतात. बायका शाळेवरूनच जायच्या. मला वर्गातून दिसायच्या. मी शिकवत राहिलो.

आठवड्याने खिचडीवाली बाई आलीच नाही. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला उलट्या-जुलाब लागले होते, टेंपोत घालून कर्जतला दवाखान्यात नेलं होतं. आणखी दोन घरांत तेच. वाडीने पावडरवाल्याचं नाव घेतलं आणि मलाही तेच पटलं. माझ्यावर सूड उगवायचा म्हणून त्याने मागाहून येऊन आणखी पावडर ओतली असणार!

मी पंचायतीला तक्रार लिहायला बसलो. तक्रार पक्की व्हावी म्हणून दोन्ही गणितं शेजारी-शेजारी मांडली. माझं उत्तर त्याच्या चौपट येत होतं, जवळजवळ नेमकं चौपट. इथे माझ्या संशयाने पहिल्यांदा योग्य दिशा धरली. अंदाजपंचे आकडा इतका नेमका कसा चुकेल? मी सातशे पंच्याऐंशीला चाराने गुणलं. तीन हजार एकशे चाळीस. तीन पूर्णांक चौदा शतांश, गुणिले हजार लिटर. बावीस छेद सात तर त्याच्या आकड्यातच बसलेला होता, चाराने भागून, रुंदी तशीच्या तशी घेता यावी म्हणून. आणि माझे ते तीन मीटर? दोर विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत होता. तो व्यास होता. त्रिज्या दीड मीटर.

वीस वर्षं मी मुलांच्या पेपरांत हीच चूक लाल शाईने खोडत आलोय. म्हणजे वाडीला विहिरीवरून उठवून ओढ्याच्या त्या घाण पाण्याकडे मीच ढकललं होतं.

दवाखान्यात ती पोर सलाईन लावून निपचित पडली होती, डोळे खोल गेलेले. आई खाली फरशीवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती मुलीचा पाय चोळत राहिली. तिसऱ्या दिवशी मुलीने भाकर मागितली, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

पंचायतीने पावडरवाल्याला घरी बसवलं होतं. सभेत मी उभा राहिलो, चूक माझी असं सर्वांसमोर सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. त्याचं काम वाचलं. बाहेर तो चपला घालत होता, तिथे मी त्याला गाठलं.

"तुला तेव्हाच कळलं होतं का रे?"

"हां. धा वरसं टाकतोय. होळीनंतर त्या इहिरीला सत्तरच्या आसपासच लागतात, हाताला म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "कमी टाकूया असं मी म्हनलो असतो, गुरुजी, तर तुमी काय म्हनला असता?"

मी काय म्हणालो असतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.