अकरावं नाव

वाशीमच्या स्टेशनाबाहेर रिसोडला जाणारी सर्विस मोटार उभी असायची. गाडी सुटण्याआधी तिचे मालक पायरीवर उभे राहायचे आणि त्या दिवशी गाडीत काय काय बिघडलं आहे ते उतारूंना सांगायचे. ब्रेक ढिला असला तर ढिला, मागचं टायर झिजलं असलं तर झिजलं. शेवटी म्हणायचे, "आता ज्याले उतरायचं त्यानं उतरावं, पैसे वापस भेटतीन." रोज दोन-चार जण उतरायचेच आणि समोरच्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसायचे. त्या गाडीचे ब्रेक यांच्याहून वाईट होते, पण तिचा मालक कधी बोलत नसे.

सगळा गाव त्यांना सर्विसवाले म्हणत असे. मी दादा म्हणायची. मी तेव्हा दवाखान्यात नर्सबाई होते. बाळंतपणासाठी रिठद, केनवड आणि वाटेतल्या खेड्यांतून बोलावणी येत, आणि वेळेवर पोहोचायचं तर त्यांच्या गाडीवाचून इलाज नव्हता. अडलेल्या बाईकडे जाताना त्यांनी माझ्याकडून तिकीट कधी घेतलं नाही. एकदा केनवडला मूल आडवं आलं होतं. मला दुपारी गाडीने परतायचं होतं आणि मी काही बाहेर येईना. दादांनी भरलेली गाडी झाडाखाली तीन तास उभी करून ठेवली. उतारू चिडले, एका वाण्याचा मुनीम तर हमरीतुमरीवर आला. दादांनी त्याला त्याचे पैसे परत दिले आणि बैलगाडी करून द्यायचीही तयारी दाखवली. तो गेला नाही, कुरकुरत बसून राहिला. मी बाहेर आले तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "दोघंही हायेत ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी हँडल मारलं.

माझी हकीगत थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि मला टाकलं. मी मुलीला घेऊन थोरल्या भावाकडे राहत होते. भाऊ पोस्टात कारकून. पगार झाला की मी तो त्याच्या हातात ठेवायची, आणि 'बहिणीला आणि भाचीला मीच पोसतो' असं तो चार लोकांत सांगायचा. पण बाळंतपणं झाल्यावर लोक खुशीने जे देत, ते मी बाजूला ठेवत होते. मुलीला पुढे अमरावतीला शाळेत घालायचं माझ्या मनात होतं, आणि भाऊ त्याला कधीच पैसा देणार नव्हता. हे पैसे ठेवायचे कुठे? पोस्टात ठेवता येत नव्हते, कारण पोस्टात भाऊ. घरात ठेवता येत नव्हते, कारण भावाची बायको माझी पेटी उघडत असे. म्हणून मी ते दादांकडे दिले. पाच वर्षांत ते दोनशे चाळीस रुपये झाले होते. दादांनी चिठ्ठी लिहून दिली तर मी ती त्यांच्यासमोरच फाडली. चिठ्ठी घरात सापडली असती तरी भावाला कळलंच असतं. "मंग माह्या वहीत राहीन," असं ते म्हणाले, आणि पैसे त्यांच्या धंद्यात फिरत राहिले.

कापसाचे भाव पडले त्या साली लोक पुन्हा पायी चालायला लागले. बाजाराच्या दिवशीसुद्धा गाडी अर्धी रिकामी जायची. त्यात इंजिन फुटलं. नव्या इंजिनासाठी दादांनी अकोल्याच्या एका पेढीकडून कर्ज काढलं, हप्ते थकले आणि पेढीने हुकूमनामा मिळवला. पैसे भरा, नाहीतर दिवाणी कैदेत बसा, असा तो मामला होता. त्यातून सुटायची एकच वाट होती. आपण नादार झालो असा अर्ज स्वतःच कोर्टात करायचा आणि असेल नसेल ते सगळं कोर्टाच्या हवाली करायचं.

एका वकिलाकडे ते गेले. वकिलाने चाळीस रुपये मागितले आणि वर सल्ला दिला की अर्ज करण्याआधी गाडी मेहुण्याच्या नावावर करून टाका. दादा उठून आले. मला सांगताना म्हणाले, "वकील लावाले पैसे असते तं मी नादार कायले झालो असतो?" त्यांच्या तोंडून त्या दिवसांत ऐकलेला हा एकच विनोद, आणि तो सांगताना ते हसले नाहीत.

मग त्यांनी अर्ज स्वतःच तयार करायला घेतला. कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनविसाकडून कायद्याचं मराठी पुस्तक आठ दिवसांसाठी आणलं. गाडी उभी करायची टिनाची शेड होती, तिथे बाकावर कागद पसरून ते बसायचे. यादी दोन भागांत करायची होती. एकीकडे मालमत्ता, दुसरीकडे देणं. मालमत्तेत त्यांनी गाडी लिहिली, दोन जॅक लिहिले, हॉर्नचा फाटका रबरी फुगा लिहिला, टायर ठोकायचा लाकडी हातोडा लिहिला. स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण कोर्ट घेत नाही असं पुस्तकात होतं, तरी त्यांनी तेही लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'हे घेता येत नाही असे समजते.' बायकोच्या पाटल्यांपाशी मात्र ते दोन दिवस अडले. पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या. कायद्याने लिहायची गरज नव्हती, असं मला पुढे एका वकिलाने सांगितलं. दादांना सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी बायकोलाच विचारलं; त्यांना मी वहिनी म्हणायची. वहिनींनी पाटल्या काढून कागदावर ठेवल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

देण्याच्या यादीसाठी ते प्रत्येक घेणेकऱ्याच्या दारात गेले. तुमचे माझ्याकडे इतके निघतात, बरोबर आहे का, असं विचारून आकडा पक्का करायचा. तेलवाल्याला वाटलं पैसे द्यायलाच आले, त्याने चहा मागवला. हकीगत कळल्यावर त्याने तो चहा परत पाठवला. लोहार तर आपले सात रुपये विसरूनच गेला होता. दादांनी त्याला आठवण करून दिली आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

दहा नावं झाल्यावर ते दवाखान्यात आले. दुपार होती, ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला नाही, हातातच धरला.

"बाई, अकरावं नाव तुमचं हाये. कायद्यात लिवलं हाये का सगळे घेणेकरी लिवा. लिवू का?"

मी विचारलं, लिहिलं तर काय होतं? ते म्हणाले, कोर्टाची नोटीस रजिस्टरने घरी येते. रजिस्टरचं टपाल माझा भाऊ लावत असे. मी म्हटलं, लिहू नका.

"मंग तुमाले हिस्सा नाई भेटनार. पैसे बुडतीन."

बुडू द्या, मी म्हटलं.

"पैशाचं नाई म्हनत मी. मले तिथं शपथ घ्या लागते." त्यांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "पूर्ण यादी हाये म्हनून सही करा लागते."

मी हात जोडले. तुम्हाला मुलीची शपथ आहे, असंही बोलून गेले. माझ्या मुलीची शपथ मी त्यांना कोणत्या हक्काने घातली, हे अजून मला कळत नाही. त्यांनी कागदाची घडी केली. "बरं. नाव नाई लिवत," म्हणाले आणि गेले. मला हायसं वाटलं. मग काय लिहिणार, हे मी विचारलं नाही.

तारखेच्या दिवशी दवाखान्याची औषधं आणायचं निमित्त करून मी अकोल्याला गेले आणि कोर्टात मागच्या बाकावर बसले. शिरस्तेदाराने यादी वाचली. दहा नावं झाली आणि तो अडखळला. मग त्याने वाचलं, 'अकरा. एक इसम. रुपये दोनशे चाळीस. नाव सांगता येत नाही.' कोर्टात हशा पिकला. असा अर्ज लिहिणारा माणूस त्या कोर्टाने पाहिला नसावा. वकील असता तर त्याने ती ओळच लिहू दिली नसती, आणि दहा नावांवर सगळं पार पडलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. न्यायाधीशांनी नाव विचारलं. दादांनी नकारार्थी मान हलवली. पेढीचे वकील म्हणाले की, हा इसमच खोटा आहे, पैसे लपवायला केलेला आहे. न्यायाधीश भले होते. त्यांनी नाव भरून आणायला पंधरा दिवस दिले.

मी तिथे दहा हातांवर बसले होते. उठले नाही. दादांनी मला पाहिलं असावं, पण एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही.

त्या पंधरा दिवसांत ते माझ्याकडे आले नाहीत. मी स्टेशनावरून जायचं टाळत होते. रिठदहून बोलावणं आलं तेव्हा मी छकड्याने गेले. तारीख आली, नाव भरलं गेलं नाही, अर्ज खारीज झाला, आणि त्याच आठवड्यात पेढीने बेलीफ आणून दादांना अकोल्याला नेलं. सहा महिन्यांची कैद होती. दिवाणी कैद्याच्या जेवणाचा खर्च ज्याचे पैसे बुडाले त्याने भरायचा असतो, आणि पेढी तो बिनतक्रार भरत होती.

मी कामावर जात होते, जेवत होते, मुलीचा अभ्यास घेत होते. आधी स्वतःला सांगत होते की, मुलीसाठी हे करते आहे. पुढे तेही सांगेनाशी झाले. गावात मात्र 'एक इसम' कोण याच्या गोष्टी सुरू झाल्या. नाव सांगता येत नाही म्हणजे बाई असणार, हे लोकांनी ठरवून टाकलं. कोणी म्हणे रिसोडला ठेवलेली आहे, कोणी म्हणे निजामाच्या मोगलाईत.

पाच आठवडे गेल्यावर वहिनी दवाखान्यात आल्या. हातात पाटल्या नव्हत्या, काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या. मी चहा केला. बराच वेळ त्या मुलांचं सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमी त्याईच्या गाडीनं इतक्या फिरल्या. तुमाले ठाऊक असंन. कोन हाये ते बाई?"

मी त्यांच्या पुढ्यातला कप आणखी जवळ सरकवला.

"तिले मी काही म्हननार नाई. फक्त मले पाहाचं हाये, का माह्या घरातून एवढं नेऊन ती कशी झोपते ते."

मी म्हटलं, "वहिनी, ते नाव माझं आहे." आणि पैशांची सगळी गोष्ट सांगितली, भावाची, पोस्टाची, फाडलेल्या चिठ्ठीची. त्यांनी ती पुरी ऐकून घेतली. चहाचा कप तसाच भरलेला होता. तो त्यांनी हळूच लांब सरकवला आणि पदर सावरून उठल्या. तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला गेले. कोर्टात प्रतिज्ञेवर सगळं लिहून दिलं, सही केली. दादांचा अर्ज पुन्हा दाखल करून घेतला गेला आणि आठ दिवसांत ते सुटले. मग माझी नोटीस आली. भावाने ती रीतसर वहीत चढवली, घरी आणली आणि माझ्यापुढे सहीला धरली. त्याने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला की, ज्या बाईजवळ दोनशे चाळीस रुपये आहेत, तिला भावाच्या छपराची गरज नाही. त्या महिन्यात मी मुलीला घेऊन दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेले. भाऊ पुढे चौदा वर्षं त्याच गावात होता. आम्ही रस्त्यात समोरासमोर यायचो, पण तो बोलला नाही.

गाडीचा लिलाव झाला. पाटल्या कोर्टाने परत दिल्या, पण घरभाड्यापायी त्या विकल्याच गेल्या. दादांना मोगलाईत हिंगोलीला कापसाच्या एका जिनवाल्याच्या मोटारीवर ड्रायव्हरची नोकरी लागली. ते निघाले त्या दिवशी मी स्टेशनावर गेले. वहिनी डब्यात पलीकडच्या खिडकीला तोंड करून बसल्या होत्या. त्या शेवटपर्यंत वळल्या नाहीत. दादा खाली उतरून आले. कैदेत ते वाळले होते आणि केस एकदम पांढरे झाले होते. ते पाच आठवडे मी तोंड उघडलं नाही, हे मी कसंबसं बोलले आणि माफी मागितली.

 दादा म्हणाले, "सगळं तं यादीत लिवून देल्लं बाई. आता माफी कुठून आनू?"

हे त्यांनी गमतीने म्हटलं की खरंच, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. गार्डाने शिट्टी दिली आणि ते डब्यात चढले.

लिलावाचे पैसे वाटणाऱ्या कोर्टाच्या रिसीव्हरकडून माझा हिस्सा आला तो बेचाळीस रुपये. त्यात थोडी भर घालून मी मुलीला अमरावतीला पाठवलं. दादांचं पत्र कधी आलं नाही, मीही लिहिलं नाही. पुढे सहा-सात वर्षांनी हिंगोलीकडची एक बाळंतीण दवाखान्यात आली होती, तिच्या आईच्या बोलण्यातून कळलं की जिनवाल्याचा म्हातारा ड्रायव्हर दिवाळीनंतर वारला. ते ऐकून मी मागच्या खोलीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. दुपारी अनसिंगहून बोलावणं आलं. भावाचं सुतक आहे असं सांगून मी दुसऱ्या सुईणीला पाठवलं.