प्रांतपालांच्या हस्ते

मानवतच्या बाजारपेठेत, सरकीच्या गोदामावरच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या क्लबची बैठक भरायची. अजूनही भरते. अध्यक्ष छोट्या हातोडीनं पितळी घंटा वाजवायचे, मग राष्ट्रगीत, मग आठवड्यात ज्यांचे वाढदिवस झाले त्यांच्यासाठी टाळ्या, आणि शेवटी फेलोशिप. फेलोशिप म्हणजे जेवणच, पण जेवण हा शब्द तिथं कुणी वापरत नसे. पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा. खालून सरकीचा वास वर यायचा आणि पुरीच्या वासात मिसळून जायचा.

मी वाढलो तो पत्रकांवर. वडील चळवळीतले. मोर्चा असो, धरणं असो, गठ्ठे आमच्याकडे यायचे आणि उरलेले आमच्याकडेच राहायचे. माझी अक्षरओळख त्यांच्यावर झाली. शाळेत ‘कमळ’ शिकवायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. डब्यातली भाकरीसुद्धा कुठल्यातरी मागणीत गुंडाळलेली असायची. दान हा शब्द घरात शिवीसारखा उच्चारला जायचा. अशा घरातल्या मुलानं छातीवर पिन लावून समाजसेवा करायला जावं, हे वडिलांना रुचणं शक्यच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “जा. बघून ये.”

मला नेलं ते अध्यक्षांनी. त्यांचं कृषी सेवा केंद्र आणि माझं डीटीपीचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत. त्या वर्षी वरून आदेश होता की प्रत्येक सदस्यानं एक तरी नवा सदस्य आणायचा. अध्यक्षांनी भिंतीपलीकडून हाक मारली, “अरे लेखक, आमच्या पत्रिका तूच छापतोस, मग एकदा खुर्चीवर बसून पण बघ की.” माणूस मनानं चांगला होता. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळ्यात क्लबनं कृत्रिम पायांसाठी मोजमापाचं शिबिर घेतलं. आलेल्यांना रांगेत बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. देवगाव फाट्याकडच्या एका गावाहून एक बाई सासूला घेऊन आली होती. आदल्या हंगामात कारखान्यावर उसाची टायरगाडी उलटली आणि त्या बाईचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. कुबडी भिंतीला टेकवून ती बसली आणि बसल्याबसल्या मला म्हणाली,

“दादा, दसऱ्याच्या आत भेटन का पाय?”

“मिळेल की. घाई काय एवढी?”

“दसरा झाला की आमची ऊसतोडीची टोळी निघती. मी चालायले असं दिसलं तर भाकरी टाकायला मी जाते. न्हाई तर आमचे मालक पोरीला न्यायचं म्हणायलेत. मपली पोरगी सहावीला हाय. मी गेले तर ती ऱ्हाती आजीपाशी, शाळा होती तिची.”

सासू म्हणाली, “लय हुशार हाय ओ पोरगी. माझी पोथी वाचती घडाघडा.”

पाय बसवणारा तंत्रज्ञ परभणीहून आला होता. त्यानं मापाचं प्लास्टर काढता काढता सांगितलं की पोळ्यापर्यंत पाय तयार होईल. बाईनं त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि कुबडीवर उड्या मारत जिना उतरून गेली.

पोळा झाला आणि पाय खरंच आले. हॉलच्या मागच्या लोखंडी कपाटात, बॅनर आणि घंटेच्या शेजारी, खोके रचून ठेवले गेले. तिच्या खोक्यावर तिच्या गावाचं नाव होतं. मी अध्यक्षांना म्हटलं, “तंत्रज्ञाला बोलवू या. या आठवड्यातच बसवून टाकू.”

“या आठवड्यात कसं? प्रांतपालांची भेट आहे ना पुढच्या महिन्यात.”

आमच्याकडे ही रीत पक्की होती. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या कितीतरी क्लबांचे प्रमुख. वर्षातून एकदा ते प्रत्येक क्लबला भेट देतात, आणि वर्षभराचं मोठं काम त्यांच्या हस्तेच होतं. शिलाई यंत्रं असोत, शाळेतली पाण्याची टाकी असो, त्यांच्या हस्ते झाल्याशिवाय ते झालं असं कुणी धरत नाही. आदल्या वर्षी चष्मे आधीच वाटले गेले होते आणि भेटीच्या दिवशी दाखवायला काहीच उरलं नव्हतं. ती नामुष्की सगळ्यांना आठवत होती.

पुढच्या गुरुवारी निरोप आला की प्रांतपालांच्या घरी नातवाचं बारसं निघालंय, आणि भेट पुढं गेली. मग दौराच बदलला आणि ती आणखी पुढं, दिवाळीनंतर गेली. मी बैठकीत उभा राहिलो. दसरा, टोळी, सहावीतली मुलगी, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असणार, कारण पुऱ्या वाढणारा माणूस दारातच थांबला.

आमच्यातले एक डॉक्टर हसून म्हणाले, “लेखकमहाशय, त्या पायाला काय पाय फुटणार आहेत का? कपाटात आहे, कपाटातच राहतो.”

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले.

“हे बघ,” ते हळू आवाजात म्हणाले, “प्रांतपालांच्या हस्ते झालं तर पेपरला येतं. पेपरला आलं की मेंबर वाढतात. मेंबर वाढले की पुढच्या वर्षी दुप्पट पाय. तू एका बाईचं बघायलास, मी पुढच्या धा बायांचं बघायलोय.”

“पुढच्या दहा बायांचे पायपण असेच कपाटात ठेवायचे का, भाऊ?”

“तुझं तोंड म्हणजे तुझ्या बापाचं तोंड,” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली.

मी तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, “मी उद्यासुद्धा येतो. फक्त क्लबचा निरोप पाहिजे. माझं काम त्यांच्याकडूनच चालतं, समजून घ्या.” म्हणजे कपाटाचं कुलूप फोडलं असतं तरी पाय बसला नसता. नुसता पाय नेऊन त्या बाईच्या ओट्यावर ठेवून काय उपयोग?

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. मथळा होता: ‘पाय कपाटात, पोरगी गाडीत.’ रात्रंदिवस फोटोच्या मागं असलेली सेवा ही सेवा नाही, जाहिरात आहे, असं ठळक अक्षरांत छापलं. गुरुवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेलो आणि प्रत्येक ताटाखाली एक पत्रक ठेवलं. लोक आले, बसले, पत्रकं वाचली. मी भांडणाच्या तयारीत होतो. लोक उठून जातील, मला काढून टाकतील असं मला वाटत होतं. मग एक निवृत्त मुख्याध्यापक चष्मा काढत म्हणाले, “शुद्धलेखन अगदी स्वच्छ आहे हो. आणि भाषेला धार आहे.” कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. क्लबच्या मासिक पत्रिकेचं संपादन माझ्याकडे द्यावं असं ठरलं. प्रांतपालांना शक्य तितक्या लवकर येण्याची विनंती करावी, असंही ठरलं. मग पुऱ्या आल्या.

माझ्या पत्रकावर मठ्ठ्याचे गोल डाग पडले. निषेधाला टाळ्या मिळाल्या तर त्याचं पुढं काय करायचं असतं, हे घरातल्या एवढ्या गठ्ठ्यांपैकी एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. मी तेव्हा देवगाव फाट्यावर होतो असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मी दुकानात लग्नपत्रिका जुळवत होतो. त्या बाईच्या सासूचा फोन आला; शिबिरात मी तिला दुकानाचा नंबर दिला होता. “गेली ओ पोरगी. ट्रकात बसताना दप्तर संगं घेतलं तिनं.”

दिवाळीनंतर प्रांतपाल आले. हॉल भरला होता. नव्या सदस्यांना पिना लावल्या गेल्या, त्यात दोन आडते, एक वकील आणि पिंगळीचे एक शिक्षक होते. सदस्यसंख्येत आमचा क्लब पुढं आल्याचं जाहीर झालं. मग पाय. बाई सासूचा हात धरून आली. प्रत्येक पायाला लाल साटीनची फीत बांधली होती. तिच्या पायाच्या फितीची गाठ काही सुटेना, तेव्हा प्रांतपाल आणि अध्यक्ष दोघंही त्या पायावर वाकले आणि फोटोवाला म्हणाला, “असंच थांबा, साहेब.”

पडद्यामागं तंत्रज्ञानं पाय बसवला. ती बाहेर आली आणि व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. थोडी तिरकी, पण कुणाला न धरता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. प्रांतपालांनी माइक तिच्यापुढं धरला.

“आता काय करणार, ताई?”

“पोरीला आणायला जाते.”

“वा!” प्रांतपालांनी माइक स्वतःकडे घेतला. “ही माता आता स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मुलीला शाळेतून घरी आणणार!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, “मुलगी शाळेत नाही, साहेब.” पण आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, आणि आभाराच्या यादीत पहिल्यांदा माझंच नाव आलं, सुंदर निमंत्रणपत्रिकेसाठी.

ती खरंच गेली. दुसऱ्याच दिवशी एसटीनं, कारखान्यावर. दर गुरुवारी मी घंटा ऐकत बसायचो आणि वाटायचं, एव्हाना मुलगी परत आली असेल, वर्गात बसली असेल. शाळेत फोन करावा असं मनात यायचं, आणि मी तो करत नसे.

हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. सासू ओसरीवर तूर निवडत होती. तिनं मला ओळखलं.

“पोरगी कधी परत आली, आजी?”

“आता आली की, समद्यांसंगंच. आई गेली तिकडं, पण मुकादम म्हणला, हिला कामून माघारी धाडायलीस? हिचा हात बसलाय आता. तू भाकरी टाक, पोरगी मोळ्या बांधंल. ठिवून घेतलं दोघींना बी.”

“आणि शाळा?”

सासूनं सुपातली तूर पाखडली. “वरीस बुडालं की. आता कामून बसन ती धाकल्या पोरात?”

भिंतीवरच्या खुंटीला पाय टांगलेला होता. आत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. माप घेतलं तेव्हापेक्षा बाईचा उरलेला पाय वाळला होता आणि आता तो साचा ढिला पडत होता. लाल फीत अजून एका बाजूला चिकटलेली होती.

मुलगी घागर घेऊन आली. उंच झाली होती, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. सासू म्हणाली, “हे बी मानवतचे, क्लबचे.” मुलीनं घागर उतरवली, माझ्या हाताकडे बघितलं, फोन दिसतो का ते पाहिलं, आणि अगदी सवयीनं विचारलं, “फोटू काढायचा का?”

“नाही गं. नुसतं भेटायला आलो होतो.”

पण तोवर तिनं खुंटीवरचा पाय काढला होता आणि आत हाक मारली होती, “आई, क्लबचे आलेत. पाय लाव.”