खंडेनवमीचं तेल

गाडी चालवायला मी साठी उलटल्यावर शिकले. माझी शाळा चौथीपर्यंत, पण गाडीला त्यापुढची शाळा लागत नाही. चंदीगडचे रस्ते सरळ आणि रुंद, आणि मोठ्या चौकांत गोल चक्कर. माझ्यासारखीला याहून सोपं शहर मिळालं नसतं. यांची सरकारी नोकरीत इथे बदली झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही. भीती वाटते असं म्हणत नाहीत, ‘मला त्यात रस नाही’ म्हणतात. म्हणून मी चालवते आणि हे शेजारी बसून रस्ता सांगतात. बहुतेक वेळा चुकीचा.

गेल्या नवरात्रात गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले. पाय ठेवला की पुढच्या चाकांतून असा आवाज निघायचा की शेजारणीचा कुत्रा गेटवर येऊन त्याला उत्तर द्यायचा. मुलगा आयटी पार्कात नोकरीला आहे. त्याने दोन दिवस ऐकलं आणि जेवताना जाहीर केलं, “आई, आता बस. ब्रेक गेलेत. दसऱ्याला मोहालीहून एकजण गाडी बघायला येतोय. मुहूर्त चांगला आहे, देऊन टाकू. तुला कुठे जायचं असेल तर मला सांग, मी मोबाईलवरून टॅक्सी मागवत जाईन. पक्का.”

“म्हणजे कोथिंबीर आणायची तरी तुला विचारून?”

“विचारून कशाला, यार आई? नुसतं सांगून.”

“सासूला सांगून घराबाहेर पडत होते, तेवढं पुरे झालं. ब्रेक दुरुस्त करू.”

“झाले दुरुस्त तर बघू,” तो म्हणाला. विषय संपवायला म्हणाला हे मला कळत होतं. पण म्हणाला तर होता. मी तेवढं धरून ठेवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पुजतात. विळी, अडकित्ता, कात्री, पाना-पक्कड, माझं शिवणयंत्र. पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. गाडीसुद्धा त्यात येते. मी आत श्रीखंडाचा चक्का फेटत होते आणि हे बाहेर होते, हातात शिवणयंत्राची लांब चोचीची तेलाची कुप्पी घेऊन. करकरणाऱ्या वस्तूला तेल, हे यांचं साधं गणित. दाराच्या बिजागरीला तेल घातलं की ती गप्प बसते, मग चाकाने काय घोडं मारलंय? पुढच्या चाकाच्या भोकांतून आत एक लोखंडी तबकडी दिसते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. यांनी दोन्हीकडच्या तबकड्यांना भोकांतून मनसोक्त तेल पाजलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं. मला काही बोलले नाहीत. मला चकित करायचं होतं.

ते काम चोख झालं.

दसऱ्याला सकाळी आम्ही मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला निघालो. बॉनेटवर झेंडूची माळ, यांच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा. गल्लीच्या टोकाला मी ब्रेक दाबला. कुत्रा गेटवर तयार होता, पण त्याला उत्तर द्यायला काही मिळालं नाही.

“अहो, आवाज गेला!”

“हो का?” हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघून गालातल्या गालात हसले.

गाडी नेहमीपेक्षा जरा पुढे जाऊन थांबली होती. पण गाडी वाचली या आनंदात मी तिकडे बघितलं नाही. मोहालीच्या माणसाला आता काय काय ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव करत मोठ्या रस्त्याला लागले.

गोल चक्कर आलं. ब्रेक दाबला. पाय रोवला तरी गाडी जेमतेम हळू झाली आणि आपली चालतच राहिली, जशी मला ओळखतच नाही. पुन्हा दाबला. तेच. बाहेर पडायच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या, तिकडे वळले असते तर कुणाच्या तरी डिकीत शिरले असते. म्हणून मी मधल्या गोल बागेच्या कडेने चक्कराला लागले आणि फिरत राहिले.

“अगं, आपला रस्ता मागे गेला.”

“जाऊ दे.”

“परत आला बघ.”

“दिसतंय मला. ब्रेक लागत नाहीयेत.”

हे बारीक आवाजात म्हणाले, “तेल कमी पडलं का?”

“कसलं तेल?”

यांनी सांगितलं. मला राग यायला हवा होता, पण पोटातून हसू वर आलं. गाडी गोल, बाग गोल, डबा यांच्या मांडीवरून दाराकडे घसरतोय, हे त्याला बाळासारखं कवटाळतायत. चौकातल्या पोलिसाने आधी शिट्टी वाजवली. पुढच्या वेळी समोरून गेलो तेव्हा हात केला. त्याच्या पुढच्या वेळी त्याने बॉनेटवरची माळ बघितली आणि हात जोडले. त्याला वाटलं, ही काहीतरी प्रदक्षिणा चाललीय. ते बघून हे असे फुटले की चष्मा डब्यावर पडला.

मीही हसत होते, पण माझे हातपाय आपलं काम करत होते. ॲक्सिलरेटर सोडला, तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आले, दुसऱ्यातून पहिल्यात. इंजिन घों घों करत गाडीला मागे ओढायला लागलं. मग हँडब्रेक हळूहळू वर घेतला. तो मागच्या चाकांना धरतो, तिथपर्यंत यांची कुप्पी पोचली नव्हती. गाडी बागेच्या कडेला लागून उभी राहिली. आम्ही थांबलो, डोकं मात्र आणखी थोडा वेळ फिरत राहिलं.

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटातल्या आमच्या नेहमीच्या सरदारजी मिस्त्रीला मी फोन केला. त्याने उचलून नेणारी गाडी पाठवली. आम्ही दोघं तिच्या केबिनमध्ये आणि मागे आमची गाडी माळ घालून लटकलेली, नवरीची पाठवणी असल्यासारखी.

मिस्त्रीने चाक काढलं, तबकडीवर बोट फिरवलं, वास घेतला.

“माताजी, ये क्या किया? पकौड़े तलने थे?”

“मैंने नहीं, इन्होंने,” मी म्हणाले.

“हमारे में पूजा को लोहे को तेल लगाते हैं,” हे ऑफिसातल्या आवाजात म्हणाले.

मिस्त्री टायरवर बसला आणि मांडीवर थापा मारत हसायला लागला. “औज़ारों की पूजा तो हम भी करते हैं जी, दिवाली के अगले दिन! पर ब्रेक को प्रसाद कोई नहीं पिलाता!” मग साऱ्या गल्लीला ओरडला, “ओए, आ जाओ, भगतजी की गड्डी देखो!”

एवढ्यात मुलगा आला. मिस्त्रीनेच त्याला कळवलं होतं. त्याचा चेहरा बघून गल्ली जरा शांत झाली.

“बघितलंस आई? मी म्हणत होतो. काही झालं असतं म्हणजे?”

“झालं असतं. झालं नाही.”

“पुत्तर, डांटना है तो पिताजी को डांट,” मिस्त्री म्हणाला. त्याने जुने पॅड काढून दाखवले. घासून अगदी पातळ झाले होते. पॅड संपत आला की त्याच्यावरची पत्र्याची जीभ तबकडीला घासते आणि किंचाळते, आता बदला म्हणून. यांनी तिचं तोंड बंद केलं. गाडीत दुसरं काही बिघडलं नव्हतं. तेल प्यालेले पॅड फेकून द्यायचे, तबकड्या फवारा मारून स्वच्छ करायच्या, नवे पॅड बसवायचे. तासाभराचं काम.

यांनी तोवर श्रीखंडाचा डबा उघडला. सगळ्या गल्लीने बोटांनी खाल्लं.

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, तो मोहालीवाला चार वाजता येणार आहे.”

“तूच म्हणालास, दुरुस्त झाले तर बघू. झाले. आता बघ.”

“प्रश्न फक्त ब्रेकचा नाही ना.”

“मग मागे ब्रेकचं नाव कशाला घेतलंस? म्हातारी झालीस म्हण. मी ऐकून घेते, लोणी लावायची गरज नाही.”

मिस्त्री हात पुसत आला. नवे पॅड तबकडीवर नीट बसायला गाडी थोड्या वेगात न्यायची, ब्रेक दाबून हळू करायची, पुन्हा वेग द्यायचा, असं काही वेळा करायचं असतं. रोज तो स्वतः करतो. त्या दिवशी त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मुलाला म्हणाला, “तू साथ बैठ. बिना ब्रेक के रोक ली इन्होंने, अब ब्रेक के साथ भी देख ले.”

सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा. मी वेग दिला, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा वेग. मुलगा पुढे झुकायचा, मागे आपटायचा. त्याने दाराचं हँडल धरलं, मग सीटची कड धरली. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसला की असाच ओठ आवळायचा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, मोहालीचा माणूस. “हां जी,” मुलगा म्हणाला, मी ब्रेक दाबला आणि फोन हातातून उडून सीटखाली गेला.

“हैलो जी? हैलो जी?” सीटखालून आवाज यायला लागला. “गड्डी ठीक है ना जी?”

मुलगा वाकून चाचपडत होता. मी वेग दिला, तो मागे. मी ब्रेक दाबला, तो पुढे. “आई, थांब ना!” म्हणत तो हसायला लागला आणि मग त्याला थांबता येईना. हसताना बापासारखाच दिसतो.

मी गाडी कडेला घेऊन उभी केली. एकदम सरळ. त्याने फोन काढला, डोळे पुसले.

“सॉरी जी. मत आइए. गाड़ी नहीं देनी.”

पलीकडचा चिडला असावा, बराच वेळ बोलत होता.

“नहीं जी, ब्रेक एकदम ठीक हैं,” मुलगा म्हणाला. “मम्मी चला रही हैं. अभी उनके साथ ही बैठा हूँ.”

त्याने फोन ठेवला आणि सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

“मिस्त्री किती वेळा म्हणाला होता?” मी विचारलं.

“अजून थोडं बाकी आहे,” तो म्हणाला. “चल.”