आईचा एकच धड फोटो

आईच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर तिचा फोटो असावा, एवढंच दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मागणं होतं. पण आईला कॅमेऱ्याचं भारी वावडं. समोर दिसला की पदर तोंडावर! सटाण्याला मावशीच्या लग्नात काढलेला एकच फोटो काय तो धड होता, आणि तोही त्या मेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये. नव्वदच्या दशकात घरोघरी तसलेच अल्बम होते. दादांनी हलक्या हाताने फोटो सोडवायला घेतला, तर नेमका चेहराच पानाला चिकटून राहिला.

"आताशा तिचा चेहरा मला नीट आठवत नाही गं," ते म्हणाले.

नशीब, त्या लग्नाच्या, स्टुडिओवाल्याने दिलेल्या निगेटिव्ह आईनेच बटणांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा स्कॅनर दिला, झाकणात दिवा असलेला. रिक्षातून तो मांडीवर घेऊन गंगापूर रोडला दादांच्या घरी आले. रविवारी दुपारी निगेटिव्हची पट्टी काचेवर ठेवली आणि कॉम्प्युटरवर हळूहळू आई दिसायला लागली. मी चक्क रडले.

दादांना हाक मारली. चष्मा वरखाली करत ते म्हणाले, "ही ती नव्हे."

"अहो दादा, असं काय करता? आईच आहे!"

"तुझी मावशी असेल."

माझं डोकंच सटकलं. "चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलात, तिला ओळखत नाही?" बोलून गेले खरी. पण वाटलं, झालं, यांचं डोकं आता साथ देत नाही.

दादा शांतपणे म्हणाले, "अगं, नथ उजव्या नाकपुडीत कशी? आणि तीळ या गालावर नव्हता."

बघते तर पदरही उजव्या खांद्यावर! अगं बाई, निगेटिव्ह मी पालथी ठेवली होती. जीभ चावली, पट्टी उलटली, पुन्हा स्कॅन केलं.

दादा खुर्ची ओढून बसले. "हां. आता आली," म्हणाले, आणि पडद्यावरच्या गालाला हळूच बोट लावलं.

मैत्रिणीचे उपकार आहेतच. आईचे तर किती मानावेत! पण सगळ्यात जास्त मी दादांची ऋणी आहे. चेहरा आठवत नाही म्हणणाऱ्या माणसाला तीळ कुठल्या गालावर ते पक्कं ठाऊक होतं. मला, तिच्या पोटच्या पोरीला, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.