आवडला तरी तोंड पाड

दिल्लीत आम्हा मायलेकींकडे एक हुकमी शस्त्र होतं: मराठी. सरोजिनी नगरच्या बाजारात फ्रॉक घेताना मी दुकानदारासमोरच म्हणायचे, "आवडला तरी तोंड पाड." लेक लगेच फुरंगटून बसायची. दुकानदाराला काही कळायचं नाही, पण भाव उतरायचा. मयूर विहारला घरी पोचेपर्यंत आम्ही हसत असायचो.

ती अकरावीत गेली आणि शाळेने लॅपटॉप आणायला सांगितला. आम्ही गुडगावच्या नव्या मॉलमध्ये गेलो. एका लॅपटॉपवरून बोटं फिरवताना तिचा चेहरा खुलला. मी सवयीने पुटपुटले, "आवडला तरी तोंड पाड."

"मम्मा, यहाँ फिक्स्ड रेट है, यार," ती मोठ्यांदा म्हणाली. सेल्समन हसला. त्याच्याबरोबर तीही हसली. मॉलमध्ये घासाघीस करत नाहीत, हे मला काय कळत नव्हतं?

मेट्रोत ती घरापर्यंत खोक्यावरची माहिती वाचत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच सरोजिनीला उशांचे अभ्रे घ्यायला गेले. भाव ऐकला आणि तोंडातून निघून गेलं, "चल गं, जास्त सांगतोय."

दुकानदाराने माझ्या आजूबाजूला पाहिलं.

"आंटी, किससे बात कर रही हो?"