मराठीत पडलेलं स्वप्न

दवाखान्यातली नोकरी संपल्यावर अग्नेस सिस्टर आपल्या देशी परत जातील, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या डेन्मार्कच्या. तिथल्या एका लहानशा बेटावर, मासेमारी करणाऱ्या घरात जन्मलेल्या. पण निरोपाचे हार सुकायच्या आत त्यांनी जालन्यातच, कादराबादेत माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या, गच्चीत अबोली लावली आणि राहिल्या. बेताच्या पेन्शनीत तिकडे अंग चोरून जगावं लागलं असतं. इथं त्या ऐसपैस राहत, रोज ताजी भाजी आणत, दुपारी पंख्याखाली ताणून देत. "मला परवडणारं हे एकच गाव आहे," असं त्या हसून सांगत. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं मालनबाईला ठाऊक होतं. मालनबाई त्याच दवाखान्यात आया. दोघींनी मिळून अर्ध्या जालन्याला पहिली आंघोळ घातलेली. सुट्टीच्या सकाळी दोघी मोती तलावावर फिरायला जात. थंडीत पाण्यावर धुकं उतरलेलं असे, पलीकडचा काठ पुसून गेलेला. सिस्टर बांधावर बसून डोळे अर्धवट मिटायच्या.

"असं बघितलं ना मालन, की हा आमचा समुद्र होतो."

मालनबाईनं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तीही डोळे बारीक करायची. मग त्या पांढऱ्यात काहीतरी मोठं, शांत, झोपेत श्वास घेत असल्यासारखं तिला दिसायचं, आणि घरी जाऊन भाकरी थापतानाही ते डोळ्यांसमोरून हलायचं नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी सिस्टर तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केस विंचरलेले नव्हते. मालनबाईचा नवरा भिवा रोलिंग मिलला जायला सायकल काढत होता, तो थबकला.

"मालन, मला मराठीत स्वप्न पडलं."

"मंग? चांगलंच झालं की."

"स्वप्नात आई होती. आमच्याच घरात, चुलीपाशी. खिडकीबाहेर बर्फ. आणि ती मला म्हणाली, 'ये बाई, जेवून घे, कवाची वाट पाहून राह्यले.' अशी, तुझ्यासारखी."

भिवाला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"जागी झाले आणि आठवायला लागले, आमच्या भाषेत ती हे कसं म्हणायची. शब्द आठवतात गं. आवाजच येत न्हाई."

मालनबाईनं चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत ती सहज आपल्या आईला आठवू लागली. वाटूरची तिची आई जाऊन किती उन्हाळे झाले होते. पण "मालने, ए मालने" ही हाक लगेच आली, गोठ्याच्या बाजूनं यायची तशीच, जराशी घोगरी. हे आपल्याकडे आहे आणि या बाईकडे नाही.

"सिस्टर, तुमी एकदा गावाला जाऊन या," ती म्हणाली. "धाकटी बहीण हाय ना तुमची?"

"आहे. पण तिथं मला आता कोण ओळखतं? तिथली मी उरले नाही. आणि इथून गेले, अन् परत येणं झालं नाही, तर? मधेच कुठंतरी राहून जाईन."

"मधी कशाला ऱ्हाता? खोलीची किल्ली माझ्याजवळ द्या. बिलकुल काळजी करू नका."

पावसाळा सरता सरता सिस्टर मनमाडच्या गाडीत बसल्या. गाडी हलली तरी त्या खिडकीतून मालनबाईकडे नुसत्या पाहत राहिल्या, हात हलवायचंही त्यांना सुचलं नाही.

मग ड्यूटी सुटली की मालनबाई माडी चढायची, अबोलीला पाणी घालायची आणि बंद खोलीत थोडी टेकायची. पडद्यातून येणारा उजेड फरशीवर हलत असे. तिचा डोळा लागायचा, आणि खोली हळूच सुटून निघायची: खाट, टेबल, पाण्याचा माठ, सगळं संथपणे कुंडलिका नदीच्या पात्रावरून, एमआयडीसीच्या धुरांड्यांवरून तरंगत कुठल्या तरी गार, राखाडी पाण्याकडे. जाग आली की हाताला खरंच गारवा लागलेला असे.

घरमालकीण रजनीबाई एकदा वर आल्या. "मालनबाई, त्या काही यायच्या नाहीत आता. आपलं माणूस आपल्या माणसांत गेलं. या खोल्या दुसरं कुटुंब मागतंय."

"दिवाळी होऊ द्या, बाई," मालनबाई म्हणाली. पण त्या दिवशी निघताना तिनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

दिवाळीचे दिवे निवले, आणि एका सकाळी टांगा थांबला. सिस्टर उतरल्या, आणखीच गोऱ्या झाल्या होत्या, वाळल्या होत्या. मालनबाईनं किल्ली पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही, आधी तिचा हातच धरला.

गच्चीत बसल्यावर त्या सांगू लागल्या. "बहीण म्हातारी झाली, मालन. पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरातून मला जेवायला हाक मारली, आणि तो आईचा आवाज होता. बराबर तोच. मी जिन्यात खालीच बसले. मग रोज ती हाक मारेपर्यंत मी मुद्दाम वर थांबायची."

"मंग ऱ्हायचं होतं की तिथंच."

"ती माझ्यासाठी पाहुण्यांच्या चांगल्या बशा काढायची गं. शेवटच्या दिवसापर्यंत चांगल्याच बशा."

मालनबाईला ते कळलं. ती उठली आणि सिस्टरच्या फडताळातून रोजच्या, टवके उडालेल्या ताटल्या काढल्या. घरून आणलेली भाकरी आणि पिठलं त्यात वाढलं. दोघी तिथंच जेवायला बसल्या.

संध्याकाळी सिस्टर पिशवी घेऊन बाजारात गेल्या. भाजीवाली सगुणाबाई मेथीची जुडी निवडून देत म्हणाली, "लई दिवसांनी दिसल्या. कुठं गेल्त्या?"

"गावाला गेल्ते," सिस्टर म्हणाल्या.

"असं व्हय. पाऊसपाणी कसं हाय तिकडं?"

"चांगलं हाय," सिस्टर म्हणाल्या, आणि मेथीची आणखी एक जुडी उचलून पिशवीत टाकली.