कोपरा कापलेला फोटो

पनवेलच्या स्टँडवर ठाण्याची एस.टी. लागली, तशी मी टपावर चढून ट्रंक बांधली. खाली उतरलो तर आई वाकून पदराने माझे बूट पुसायला लागली. जन्मात पहिल्यांदा घातलेले बूट होते ते आणि बेलपाड्याहून स्टँडपर्यंत चालत येईतो दोन्ही टाचा सोलल्या होत्या. बाबा म्हणाले, "तिकडं शेठची गाडी हाय, मिठाचा ट्रक नाय. सबुरीनं हाक." हिरा, माझी बायको, त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होती. सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. आदल्या दिवशी मिठागराच्या बांधावर तिला मी शब्द दिला होता, की दोन वर्षांत तुला जपानला बोलावून घेतो. तिने एवढंच विचारलं होतं, "तिकडं भात खातात ना?" मी हो म्हटलं होतं. मला तरी कुठे माहीत होतं!

स्वातंत्र्य मिळून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मी पनवेलहून घाटावर मिठाचा ट्रक नेत असे. एकदा पनवेलच्या नाक्यावर मुंबईच्या एका शेठची गाडी बंद पडली. ती मी चालू करून दिली आणि त्यांचा ड्रायव्हर तापाने फणफणला होता म्हणून पुण्यापर्यंत नेऊनही पोचवली. शेठची कापडाची पेढी जपानात कोबे गावी होती. तिथे त्यांना आपल्या भाषेत चार शब्द बोलता येतील असा ड्रायव्हर हवा होता. सहा महिन्यांत माझा पासपोर्ट झाला. सातवी शिकलेला, मिठागरातला माणूस आगबोटीत बसून जपानला निघाला, हे त्या वेळी पनवेलच्या बाजारात चांगलं आठवडाभर पुरलं असणार.

कोब्याला उतरल्यावर कळलं की तिथलं लायसन नसेल तर गाडीला हातही लावायचा नाही. आठ वर्षं बोरघाट चढलेला मी, दीड वर्ष गोडाऊनमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या डकवत बसलो. आम्ही सहा जण एकाच खोलीत जमिनीवर झोपत होतो. गॅरेजच्या वर एक स्वतंत्र खोली होती, तिला चूल होती आणि नळही. शेठ म्हणाले होते, "लायसन काढ, खोली तुझी. मग खुशाल घरच्या माणसाला बोलाव." त्यामुळे लायसन म्हणजे माझ्या लेखी हिरा होती. पेढीच्या मुनीमजींनी रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं काढून दिली, ती मी गठ्ठे मोजता मोजता पाठ केली. देवळात एवढी भक्ती केली नव्हती.

अर्जाला फोटो लागणार होता. सरकारी काम म्हणून मी बंद गळ्याचा कोट घातला, काळी टोपी नीट बसवली, आणि स्टुडिओत जाऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा तिरका उभा राहिलो. मागे रंगवलेला बगीचा होता. मुंबईत पासपोर्टला टोपीचा फोटो चालला होता, तेव्हा इथे न चालायला काय झालं? खिडकीतल्या कारकुनाने फोटो पाहिला, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून "बोशी, बोशी" म्हणाला, आणि कात्री घेऊन फोटोचा वरचा कोपरा कचकन कापून टाकला. मग हसून, अगदी अदबीने, दोन्ही हातांनी तो मला परत दिला. मुनीमजींनी समजावलं: बोशी म्हणजे टोपी. डोकं उघडं हवं, तोंड सरळ समोर, छातीपासून वर, मागे काही म्हणजे काही नको, आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला. नामंजूर झालेला फोटो कोणी पुन्हा आणू नये म्हणून तो कारकून कोपरा कापत असे.

दुसरा फोटो उघड्या डोक्याने काढला. पांढऱ्या भिंतीपुढे मी असा काही बघत होतो की बघणाऱ्याला वाटावं, याला आत्ताच काही वाईट कळलंय. पण तो चालला. परीक्षेत एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास झालो, आणि लायसन हातात पडलं त्याच दिवशी ट्रंक उचलून गॅरेजच्या वरच्या खोलीत गेलो. तिथल्या चुलीशी बसून घरी पत्र लिहिलं. लायसन मिळालं, खोली मिळाली, हिराचा पासपोर्ट करायला घ्या, मास्तर अर्ज लिहून देतील, असं सगळं लिहिलं.

पत्रात फोटो घालायचं मनात आलं. माझ्याकडे दोन होते. उघड्या डोक्याचा पाठवणं शक्यच नव्हतं. आमच्या गावात पुरुषाने टोपी काढली की समोरचा माणूस आधी विचारतो, कोण गेलं? आईला ते सहन झालं नसतं. म्हणून मी मोठ्या शहाणपणाने टोपीवाला निवडला. ऐटबाज होता, बगीचाही होता. कोपरा कापलेला होता, तो मला दिसत होता. पण मला त्यात त्या कारकुनाची कात्री दिसत होती, दुसरं काही नाही.

हे वाचणाऱ्यांत परदेशात वाढलेलं कोणी असेल म्हणून सांगतो. आमच्याकडे मरणाची बातमी कळवायची असली की पत्राचा कोपरा फाडतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कोपरा वाचता येतो. तसं पत्र घरात नेत नाहीत, बाहेरच ठेवतात आणि अंघोळ करतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. दीड-दोन वर्षांत मी ते विसरलो. कसा विसरलो, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही आणि आता सापडून उपयोगही नाही.

त्या दिवशी गावात वाचणारं कोणी नव्हतं. शाळेचे मास्तर पनवेलला गेले होते आणि पोस्टमन लिफाफा बाबांच्या हातात देऊन पुढच्या गावाला निघून गेला. आत काहीतरी कडक लागतंय म्हणून बाबांनी तो ओटीवरच फोडला. आधी फोटो पडला. त्यांनी तो उलटसुलट केला, कोपरा पाहिला. मग फोटो आणि पत्र अंगणात दगडाखाली ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि बसून राहिले. हिरा पाणी घेऊन आली ती सासऱ्यांचं उघडं डोकं बघून दारातच थांबली. हंडा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. आईने हंबरडा फोडला, आळीतल्या बायका धावत आल्या. एका म्हातारीने हिराला खाली बसवून तिचं कुंकू पुसलं, पाट्यावर तिच्या बांगड्या फोडल्या, डोक्यावरून पाणी ओतलं.

दिवस मावळताना मास्तर आले. त्यांनी दगडाखालचं पत्र उचललं आणि दोन ओळी वाचून ओरडले, "अहो, रडता काय? जिवंत आहे तो! बायकोला बोलावतोय!"

हे सगळं मला मास्तरांच्याच पत्रातून कळलं. भला माणूस, पण त्यांनी सुरुवात केली होती "येथे मोठी गंमत झाली" अशी. बाबांनी टोपी घालून घरोघर गूळ वाटला. आईने फोटो मात्र घरात घेतला नाही, खाडीत सोडायला लावला. दुसऱ्या दिवशी पनवेलहून कासार बोलावून हिराला नवा चुडा भरला. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: सौ. हिराबाई तूर्त येणार नाही म्हणतात.

तूर्त म्हणजे किती, ते मी पत्रामागून पत्रं पाठवून विचारत राहिलो. अडीच वर्षांनी रजा मिळाली तेव्हा स्वतःच गेलो. गावातल्या म्हाताऱ्या माझ्या दंडाला हात लावून बघत होत्या. "मेलेला आला रे," म्हणून लोक चेष्टा करत होते आणि मीही हसत होतो. आठवड्याने शेजारी लग्न निघालं. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खं गाव लोटतं. सवाशिणी एकेक करून नवरीला हळद लावायला पुढे होत होत्या. हिराच्या हातात चुडा होता, कपाळावर कुंकू होतं, मी समोर धडधाकट उभा होतो. तरी तिला कोणी हाक मारली नाही. कोणी अडवलंही नाही. ती आपणहून मागच्या बाजूला बायकांचं पानाचं तबक धरून उभी होती. तिची ती जागा ठरून गेलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला बांधावर घेऊन गेलो. म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिथे तुला कोणी ओळखत नाही, कोणाला काही माहीत नाही.

ती म्हणाली, "मना माहीत हाय ना. त्या दिशी सांजपर्यंत मी रांडाव होते. सगला झाला माजा, रडूनपन झाला. मंग मास्तर बोलला, जिता हाय. सगली हसली. मी पन हसाला बघला, आला नाय."

"पण मी आलोय ना आता?"

"आलाव, बरा झाला." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पन तुमच्या संगाती तिकडं आले, आनि खराच कय झाला, तर दुसऱ्यांदा मी कशी करू? एकदा केला तोच पुरे."

मी खूप बोललो. रागावलो, हात जोडले. रजा संपेपर्यंत रोज काही ना काही बोललो. गावातच राहून जायचा विचारही सांगितला, तर म्हणाली, "नका. समोर असलाव का जास्त भ्याव वाटतो." तेव्हा मला राग येण्यासारखंही काही उरलं नाही. मी कोब्याला परत आलो.

त्याला आता चार वर्षं झाली. गाडी चालवतो, गॅरेजच्या वर राहतो, भात चिकट असतो पण खातो. जपानी बरं येतं. स्वप्नात कधीकधी मी आईशी जपानीत बोलतो आणि ती मान हलवते. पेढीत नवा कोणी देशाहून आला की विचारतो, काका, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? अशा वेळी मी मुलुखाचं नाव सांगून मोकळा होतो.

खरं उत्तर मागच्या पावसाळ्यात मास्तरांनी मला कळवलं. माझं पत्र आलं की आई त्यांना बोलावून आणते. लिफाफा फोडायच्या आधी हिरा हातातलं काम टाकून मागच्या दारी जाते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पत्र पुरतं वाचून झालं आणि आईने आतून "बरा हाय गो" असं म्हटलं की मगच घरात येते. चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. मी पत्रं कमी केली, तर आई आजारी पडली. पुन्हा लिहायला लागलो. दर महिन्याला माझ्या हाताने मी हिराला मागच्या दारी उभी करतो. आई हाक मारीपर्यंत ती तिथे उभी असते, आणि माझं घर म्हणून जे काही उरलं आहे, ते तेवढंच आहे.